दप्तरातून निसटलेलं पान : मूल न होण्यामागचं एक कारण



गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता, व्याज यांवर मोकळेपणानं बोलतो. पण काही प्रश्न बैठक संपल्यावर, चटई गुंडाळताना, कानाशी येऊन विचारले जातात. त्यातला एक नेहमीचा प्रश्न म्हणजे, ‘ताई, लग्नाला पाच वर्षं झाली. अजून पाळणा हलला नाही. काय करू?’

हाच प्रश्न आम्हाला गटाच्या कर्जाच्या वहीतही दिसतो. कर्जाचं कारण लिहायच्या रकान्यात नुसतंच ‘दवाखाना’ लिहिलेलं असतं. जरा विचारपूस केली की कळतं, पिशवीची तपासणी झाली, नळ्यांचा एक्स-रे झाला, दुर्बिणीतून पाहून झालं. मधल्या काळात नवस झाले, अंगारे झाले, उपास झाले. हे सगळं तिचं. ‘आणि मालकांची तपासणी?’ असं विचारलं, की उत्तर येतं, ‘त्यांना काय झालंय? चांगले धडधाकट आहेत.’

आजचं आपलं बोलणं या एका वाक्याबद्दल आहे. माणूस धडधाकट असतो, शेतात दिवसभर राबतो, दाढीमिशी असते, संसारसुखातही काही कमी नसतं, आणि तरीही त्याच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नसतो, असं होऊ शकतं. याची कारणं बरीच आहेत. त्यातलं एक कारण आज आपण नीट समजून घेऊ. ते कारण म्हणजे पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरचं ‘डॅझ’ नावाचं जनुक आणि त्यापासून बनणारं प्रथिन. नावं अवघड वाटली तरी घाबरू नका. गटाचं दप्तर सांभाळणाऱ्या बाईला ही गोष्ट पटकन समजेल.

शेहेचाळीस वह्यांचं दप्तर

आपलं शरीर कोट्यवधी पेशींचं बनलेलं आहे. पेशी म्हणजे शरीराची वीट म्हणा ना. प्रत्येक पेशीच्या आत, मधोमध एक कपाट आहे आणि त्या कपाटात शरीराचं सगळं दप्तर ठेवलेलं आहे. या दप्तरात ४६ वह्या आहेत. या वह्या म्हणजे गुणसूत्रं. त्या जोडीजोडीनं असतात. २३ वह्या आईकडून आलेल्या, २३ वडिलांकडून. वहीतलं एकेक पान म्हणजे एकेक जनुक. शरीरातली एखादी वस्तू कशी बनवायची, ते त्या पानावर लिहिलेलं असतं.

शेवटची जोडी जरा वेगळी आहे. बाईकडे दोन्ही वह्या एक्स असतात. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. वाय ही वही फक्त बापाकडून मुलाकडे जाते. लेकीकडे ती कधीच जात नाही. म्हणून मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून कोणती वही आली त्यावर ठरतं, आईवर नाही. हे पहिल्यांदा शोधून काढणाऱ्यांत एक बाई होत्या. अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ साली पिठात होणाऱ्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि नर किड्यांत जोडीतलं एक गुणसूत्र छोटं असतं हे दाखवलं. मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांना शंभर वर्षांहून जुनं उत्तर आहे ते.

वाय ही वही लहान आहे. तरी तिच्यात सुमारे ६ कोटी २० लाख अक्षरं आहेत. ही वही पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण वाचून झाली ती अगदी अलीकडे, २०२३ साली. एवढा उशीर का लागला? कारण तिच्यात एकसारखी पानं पुन्हा पुन्हा लिहिलेली आहेत. कोणतं पान कुठलं, हेच वाचणाऱ्याला कळेना. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चिठ्ठी आणि मुकादम

आता पान आणि प्रथिन यांचा संबंध पाहू. दप्तर कधी कपाटाबाहेर जात नाही. कामापुरती एखाद्या पानाची नक्कल करून चिठ्ठी बाहेर पाठवली जाते. या चिठ्ठीला शास्त्रज्ञ आरएनए म्हणतात. चिठ्ठी बाहेर आली, की तीत लिहिल्याप्रमाणे मणी ओवावेत तशी एक साखळी ओवली जाते. ही मण्यांची साखळी म्हणजे प्रथिन. डाळीत, अंड्यात प्रथिनं असतात हे आपण पोषणाच्या कार्यक्रमात ऐकलंय. ती खाल्ली की शरीर त्यांचे मणी सुटे करतं आणि त्याच मण्यांतून आपल्याला हव्या त्या साखळ्या ओवतं. केस, रक्त, स्नायू, पचनाचे रस, या सगळ्यांत अशा साखळ्या आहेत. प्रत्येकीचं काम वेगळं.

डॅझ प्रथिनाचं काम मुकादमाचं आहे. ते स्वतः काही बांधत नाही. त्याला एक पकड आहे आणि त्या पकडीनं ते ठरावीक चिठ्ठ्या धरतं. चिठ्ठ्या तर बाहेर येऊन पडलेल्या असतात, पण कोणती आधी, कोणती नंतर, कामाला कधी लावायचं, हे बघणारं कुणी लागतं. डॅझच्या घराण्यातली प्रथिनं आपल्या वाट्याच्या चिठ्ठ्या धरून त्यांच्यावरचं काम सुरू करून देतात. या साखळीत २४ मण्यांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा ओवलेला असतो, ही तिची खूण.

आणि हा मुकादम राबतो कुठे? फक्त पुरुषाच्या वृषणात, म्हणजे अंडकोषातल्या गोळ्यांत. तिथे शुक्रजंतू तयार करणाऱ्या ज्या मूळ पेशी आहेत, त्यांच्यात. हृदयात नाही, हातापायात नाही, मेंदूत नाही. एका मूळ पेशीपासून शेपटीवाला पूर्ण शुक्रजंतू व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. निरोगी पुरुषात असे कोट्यवधी शुक्रजंतू रोज तयार होत असतात. एवढ्या मोठ्या कारखान्यात मुकादमच नसला, तर काम एक तर मंदावतं, नाही तर मध्येच थांबतं.

हे घराणं फार जुनं आहे. फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीत याच घराण्यातलं ‘बूल’ नावाचं जनुक आहे. ते बिघडलं तर नर माशीचे शुक्रजंतू तयार होत नाहीत. आणखी एक भाऊबंद, ‘डॅझल’, हे माणसाच्या तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. म्हणजे ते पुरुषांत आहे तसं आपल्यातही आहे. उंदरांमधलं हे जनुक शास्त्रज्ञांनी बंद केलं, तेव्हा नर आणि मादी दोघंही वांझ झाले. याच डॅझलची एक नक्कल फार फार वर्षांपूर्वी माकडांच्या आणि माणसाच्या पूर्वजांत वाय गुणसूत्रावर जाऊन बसली आणि तिथे तिच्या आणखी नकला झाल्या. आज बहुतेक पुरुषांच्या वायवर डॅझच्या चार प्रती असतात.

पान निसटतं कसं?

बाकीच्या वह्यांना जोडीची वही असते. एकीत काही खाडाखोड झाली, तर दुसरीत बघून दुरुस्त करता येतं. आपल्या गटातही सचिवाच्या वहीतला आकडा चुकला, तर सभासदाच्या पासबुकात बघतो, तसंच. पण वायला जोड नाही. म्हणून वायनं एक युक्ती केली. महत्त्वाची पानं स्वतःच्याच आत दोनदा, चारदा लिहून ठेवली. एक खराब झालं तर दुसऱ्यावरून दुरुस्त करायचं.

ही युक्ती उपयोगाची आहे, पण तिच्यातच धोकाही आहे. तुम्ही कधी जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवून घेतलंय का? समजा, विसाव्या पानावर आणि तिसाव्या पानावर अगदी तोच मजकूर आहे. विसावं पान लिहिता लिहिता आपली नजर घसरून तिसाव्यावर गेली, तर पुढचं आपण तिथूनच लिहीत जातो. मधली दहा पानं गाळली गेली, हे आपल्याला कळतही नाही. नवी वही दिसायला व्यवस्थित. फक्त मधला मजकूर नाही.

वाय गुणसूत्राचं साधारण असंच होतं. त्याच्या लांब बाजूवर एक भाग आहे, त्याला शास्त्रज्ञांनी ‘एझेडएफ-सी’ असं नाव दिलंय. डॅझच्या चारही प्रती याच भागात आहेत. या भागात लांबच्या लांब मजकूर जवळजवळ तंतोतंत सारखा आहे. नक्कल होताना दोन सारखे तुकडे एकमेकांत अडकतात आणि मधला भाग सुटून जातो. सहसा एका वेळी सुमारे ३५ लाख अक्षरं जातात आणि त्यांच्याबरोबर डॅझच्या चारही प्रती जातात. साधारण ४००० पुरुषांमागे एकाच्या वायमधून हा भाग गेलेला असतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

ही चूक बहुधा वडिलांच्या शरीरात, शुक्रजंतू तयार होताना घडते. वडिलांची स्वतःची वही पूर्ण असते. म्हणून तर त्यांना मुलं झाली. पण या एका मुलाकडे आलेल्या प्रतीत पान नाही. त्याच घरात मोठ्या भावाला तीन मुलं आणि धाकट्याला एकही नाही, असं यामुळे होऊ शकतं. ‘आमच्या घराण्यात असं कुणाला नाही, म्हणजे दोष सुनेचाच,’ हा जो सासरचा हिशेब असतो, तो इथे साफ चुकतो.

हेही तितकंच नीट ऐका. यात त्या पुरुषाचाही काही अपराध नाही. तरुणपणी केलेल्या कशाचं हे फळ नाही. कुणाची दृष्ट नाही, पितरांचा कोप नाही, देवाची शिक्षा नाही. त्याच्या जन्माच्या आधीच झालेली नकलेतली ती चूक आहे.

हे कळलं कसं?

१९७६ साली इटलीत लुचानो तिएपोलो आणि ओर्सेत्ता झुफार्दी या दोघांनी मूल होत नसलेल्या पुरुषांची गुणसूत्रं तपासली. वीर्यात शुक्रजंतू अजिबात नसलेल्या सहा पुरुषांमध्ये वायची लांब बाजू तुटलेली दिसली. बाकी ते पुरुष अगदी नेहमीसारखे होते. त्यावरून या दोघांनी म्हटलं, की शुक्रजंतू बनवण्यासाठी लागणारं काही तरी वायच्या याच भागात असलं पाहिजे.

तेव्हा सूक्ष्मदर्शकातून एवढंच दिसायचं. नेमकं कोणतं जनुक, ते कळायला आणखी १९ वर्षं गेली. १९९५ साली अमेरिकेत डेव्हिड पेज यांच्या प्रयोगशाळेत रेनी रेयो पेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीर्यात शुक्रजंतू नसलेल्या ८९ पुरुषांचं वाय बारकाईनं तपासलं. त्यातल्या १२ जणांच्या वायमधून तुकडा गेलेला होता. ज्यांना मुलं आहेत अशा ९० पुरुषांपैकी एकाचंही वाय तसं नव्हतं. गेलेल्या त्या तुकड्यात जे जनुक सापडलं, त्याला त्यांनी डॅझ नाव दिलं. वीर्यात शुक्रजंतू नसण्याला डॉक्टरी भाषेत अझूस्पर्मिया म्हणतात. ‘अझूस्पर्मियात गाळलं गेलेलं’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं आहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या तुकड्याबरोबर डॅझखेरीज आणखीही काही जनुकं जातात. त्यामुळे सगळा परिणाम एकट्या डॅझचाच, असं म्हणता येत नाही. शिवाय तोच भाग गेलेल्या सगळ्या पुरुषांत सारखं घडत नाही. काहींच्या वीर्यात शुक्रजंतू अजिबात नसतात, काहींच्या थोडे असतात. क्वचित कुणाला आपसूक मूलही झालेलं आहे. तेव्हा पान गेलं म्हणजे सगळं संपलं, असं नाही.

पुरुषपणा वेगळा, शुक्रजंतू वेगळे

मालक तपासणीला का जात नाहीत? भीती असते. ‘लोक मला नामर्द म्हणतील.’ इथे दोन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे.

वृषण दोन कामं करतं. एक, शुक्रजंतू बनवणं. दोन, पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, तयार करणं. दाढीमिशी, आवाज, अंगातली ताकद, शरीरसंबंधाची इच्छा ही दुसऱ्या कामावर अवलंबून आहेत. डॅझचा संबंध फक्त पहिल्या कामाशी. म्हणून ते पान नसलेला पुरुष बाकी सगळ्या बाबतीत पूर्ण पुरुष असतो. शिवाय वीर्याचा बहुतेक भाग हा दुसऱ्या ग्रंथींतून येणारा द्रव असतो. शुक्रजंतूंचा त्यातला वाटा अगदी थोडा. त्यामुळे वीर्य रंगानं, प्रमाणानं नेहमीसारखंच दिसतं. डोळ्यांनी बघून, तब्येत बघून, अंगातलं बळ बघून हे कुणालाही ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्याशिवाय कळतच नाही.

‘त्यांना काय झालंय?’ याचं खरं उत्तर एवढंच आहे, की तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

आधी कोणती तपासणी?

एक वर्ष नियमित संबंध असून दिवस गेले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावं. मूल न होण्याच्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणासोबत. म्हणून दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू व्हायला हवी.

पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्य तपासणी. तिला सुई नाही, भूल नाही, कापाकापी नाही. खाजगी प्रयोगशाळेत ती सहसा काही शे रुपयांत होते. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. बाईच्या नळ्यांच्या तपासणीत दुखतं, दुर्बिणीच्या तपासणीला भूल द्यावी लागते आणि पैसेही जास्त लागतात. सोपी, स्वस्त, न दुखणारी तपासणी आधी करायची की दुखणारी, महाग? आपण बाजारात भाजी घेताना इतका विचार करतो, तर इथे का करू नये?

तपासणीला जाण्याआधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही. नमुना प्रयोगशाळेतच दिलेला बरा. घरून न्यायचा असेल तर त्यांनीच दिलेल्या डबीत, अंगाच्या उबेला धरून, तासाभराच्या आत पोचवायचा. निरोध वापरून नमुना घ्यायचा नाही, कारण साध्या निरोधाला लावलेल्या औषधानं शुक्रजंतू मरू शकतात.

शुक्रजंतू कमी दिसले किंवा दिसलेच नाहीत, तर एका तपासणीवर निकाल लावायचा नाही. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. मोठा ताप येऊन गेला असेल तर अडीच-तीन महिने त्याचा परिणाम राहू शकतो, कारण शुक्रजंतू बनायलाच तेवढा वेळ लागतो.

दुसऱ्यांदाही शुक्रजंतू नाहीत किंवा फारच कमी आहेत असं आलं, तर डॉक्टर पुढचं बघतात. वाहून नेणारी नळी बंद आहे का? वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणाला सूज आली होती का? लहानपणी वृषण खाली उतरलं नव्हतं का? क्षयाचा परिणाम आहे का? संप्रेरकं कशी आहेत? शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली आहेत का? ही इंजेक्शनं शुक्रजंतू वाढवत नाहीत, उलट बंद पाडतात. यातल्या काही कारणांवर चांगला उपचार आहे.

याच टप्प्यावर रक्ताच्या दोन तपासण्या सांगितल्या जातात. एक, गुणसूत्रांची संख्या बघणारी. दुसरी, वायमधला तुकडा गेला आहे का ते बघणारी. तिला ‘वाय मायक्रोडिलीशन’ तपासणी म्हणतात. हे नाव कागदावर लिहून ठेवा. ही तपासणी सगळ्यांना लागत नाही आणि ती काही हजारांची असते. पण जिथे लागते, तिथे ती पुढचा मोठा खर्च वाचवू शकते. कशी, ते सांगतो.

वायच्या या बाजूवर ए, बी आणि सी असे तीन भाग मानतात. डॅझ असलेला सी भाग गेला असेल आणि वीर्यात शुक्रजंतू नसतील, तरी वृषणातून बारीक शस्त्रक्रिया करून शुक्रजंतू मिळण्याची शक्यता साधारण निम्म्या पुरुषांत असते. पण ए किंवा बी भाग पूर्ण गेला असेल, तर शुक्रजंतू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. तिथे शस्त्रक्रिया करून उपयोग नाही. हे आधी कळलं, तर जमीन गहाण पडायची वाचेल.

तुम्ही विचारलेले प्रश्न

हे पान औषधानं परत येतं का? नाही. गोळी, चूर्ण, काढा, इंजेक्शन, कशानंही गेलेलं जनुक परत येत नाही. ‘धातू वाढवून देतो, तीन महिन्यांत गुण’ म्हणणाऱ्यांच्या हातात पैसे देऊ नका. तंबाखू आणि दारू सोडणं तब्येतीसाठी चांगलंच, पण त्यानं हे पान भरून निघत नाही.

मग मूल होण्याचा मार्ग काय? वीर्यातून किंवा वृषणातून शुक्रजंतू मिळाले, तर प्रयोगशाळेत बारीक सुईनं एकेक शुक्रजंतू एकेका स्त्रीबीजात सोडतात आणि तयार झालेला गर्भ पिशवीत ठेवतात. या उपचाराला इक्सी म्हणतात. खर्च लाखांत जातो आणि यशाची खात्री कुणीच देऊ शकत नाही. शुक्रजंतू थोडे असतील, तर ते पुढे आणखी कमी होऊ शकतात, म्हणून साठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. उपचार करणारं केंद्र २०२१ च्या सहायक जननतंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणी झालेलं असायला हवं. नोंदणीचं प्रमाणपत्र मागायला लाजू नका.

उपचार नवऱ्याचा, मग इंजेक्शनं मला का? हा प्रश्न फार मोलाचा आहे. कारण पुरुषाकडे असलं, तरी इक्सीसाठी रोजची इंजेक्शनं, सोनोग्राफ्या आणि स्त्रीबीज काढण्याची प्रक्रिया बाईलाच सोसावी लागते. म्हणून किती वेळा करायचं, कुठे थांबायचं, हे ठरवताना तिचा शब्द हवाच. सासूबाईंनी सांगितलं म्हणून सही, असं होता कामा नये.

मुलगा झाला तर त्यालाही हा त्रास होईल का? हो. वडिलांचं वाय जसं आहे तसंच मुलाकडे जातं, म्हणजे गेलेलं पान त्याच्याकडेही नसणार. त्याची बाकी तब्येत चांगली असेल, पण मोठेपणी त्यालाही हीच अडचण येऊ शकते. लेकीकडे वाय जात नाही, त्यामुळे तिच्याकडे ही अडचण जात नाही. उपचाराआधी समुपदेशकाशी दोघांनी मिळून बोलून घ्यावं. मात्र आपल्याकडे गर्भलिंगनिवड हा कायद्यानं गुन्हा आहे, हे विसरू नका.

शुक्रजंतू मिळालेच नाहीत तर? नोंदणीकृत बँकेतून दात्याचे शुक्रजंतू घेता येतात. त्याला दोघांचीही लेखी संमती लागते. मूल दत्तक घेता येतं, त्यासाठी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते. आणि दोघांनीच एकमेकांना धरून सुखानं राहणं, हाही एक पूर्ण संसारच आहे.

सासरचे दुसरं लग्न लावून देऊ म्हणतात. मूल होत नाही म्हणून पहिली बायको असताना दुसरं लग्न करणं हिंदू विवाह कायद्यानं गुन्हा आहे. आणि विचार करा, पान जर नवऱ्याच्या वहीतून गेलेलं असेल, तर दुसरी आणून काय होणार? तिलाही चार वर्षांनी वांझ म्हणणार. मारहाण, धमकी होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करा.

आपल्या गटानं काय करायचं?

पहिलं, मूल होत नाही म्हणून कर्जाची मागणी आली, की प्रेमानं एवढंच विचारायचं, ‘दोघांची तपासणी झाली का?’ कर्ज अडवायचं नाही. पण आधी त्या काही शे रुपयांच्या तपासणीचा सल्ला द्यायचा.

दुसरं, हे विचारणं चार भिंतींच्या आत ठेवायचं. कुणाचा तपासणीचा कागद बैठकीत फिरवायचा नाही. आजवर बाईवर ठेवलेला ठपका उचलून आता नवऱ्यावर ठेवायचा, यासाठी आम्ही हे सांगत नाही. ठपका दोघांवरूनही उतरला पाहिजे. चावडीवर पुरुषाची थट्टा झाली, तर गावातला दुसरा कुणी तपासणीला जाणार नाही आणि भोगणार पुन्हा बाईच.

तिसरं, नवऱ्याशी बोलायचं कसं, हे बऱ्याच जणी विचारतात. ‘तुमच्यात दोष आहे’ असं म्हणू नका. ‘माझी झाली, आता डॉक्टर दोघांची म्हणताहेत, बरोबर जाऊ’ असं म्हणा. आशाताईंची मदत घ्या. शक्य असेल तर त्यांच्या विश्वासातल्या एखाद्या पुरुषाकडून, भावाकडून किंवा मित्राकडून बोलणं काढा.

चौथं, आणि हे आपल्याच हातात आहे. हळदीकुंकवाला, डोहाळेजेवणाला, बारशाला, ओटी भरायला जिला मूल नाही तिलाही बोलवायचं आणि मानानं बसवायचं. ‘हिची कूस उजवली नाही’ म्हणून तिला बाजूला बसवणारे हात बहुतेक वेळा आपलेच असतात. जो मजकूर तिच्या वहीत कधी नव्हताच, तो हरवल्याचा जाब तिला विचारायचा, हे बंद करूया.

हे बोलणं पुढच्या बैठकीत कुणी तरी मोठ्यानं वाचून दाखवा. काही विचारायचं असेल तर नाव न घालता चिठ्ठीवर लिहून आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे द्या. त्या प्रश्नांवर आपण पुढच्या वेळी बोलू. तोवर नमस्कार.